रविवारचे दूध

आमच्या घरात रविवारचे दूध विकत नसत. गायींना रविवार, देवाचा विसाव्याचा वार, कळत नाही, त्यामुळे धारा काढाव्याच लागत. ते दयेचे काम, त्याला मुभा होती. पण त्या दुधाचा पैसा करायला मुभा नव्हती. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्यांनी यातून वाट काढली होती: मोठी टाकी घ्यायची, रविवारचे दूध तिच्यात थंड ठेवायचे आणि सोमवारी टँकरमध्ये भरायचे. आमच्या बाबांना ही लबाडी वाटे. "देवाला वार मोजता येत नाहीत असं वाटतं का यांना?" असे म्हणत ते रविवारचे दूध ओढ्यात सोडून देत. ओढा खाली बराच लांबपर्यंत पांढरा होई. मला आणि माझ्या धाकट्या भावाला, वीबेला, तो पाहायला फार आवडे.

बाबा गेल्यावर गाई वीबेकडे आल्या. मी रसायनशास्त्र शिकले आणि मंडळीच्या शाळेत ते शिकवू लागले. पुढे ओढ्यात दूध सोडायला सरकारने बंदी केली, कारण मासे मरत. वीबेने नवा गोठा बांधला तेव्हा गोठ्याखाली शेणाचा मोठा काँक्रीटचा हौद केला आणि दुधाच्या खोलीतून त्या हौदात एक नळ सोडला. रविवारी झडप उघडली की दूध खाली. मला हे माहीत नव्हते. दूध कुठेतरी शेतात जात असेल, असे मी धरून चालले होते. विचारण्याचे कारण कधी पडले नव्हते.

ऑक्टोबरात, जमीन गोठण्याआधी, आणि पुन्हा एप्रिलमध्ये हौद ढवळून रिकामा करतात. गेल्या ऑक्टोबरात ढवळताना पंप अडकला. वीबेचा मुलगा येल्ले झाकण उघडून आत वाकला आणि पडला. त्याच्यामागे वीबे वाकला. ट्रॅक्टरवर शेजारचा माणूस होता. त्याने वीबेचे पाय धरून त्याला बाहेर ओढले. येल्लेपर्यंत त्याचा हात पोचला नाही.

शेणाच्या हौदातून निघणारा वायू थोडा असला की सडक्या अंड्यांसारखा वास येतो. फार झाला की वास येणेच बंद होते, कारण नाकच बधिर होते. माणसाला वाटते, हवा मोकळी झाली. हे मी येल्लेला वर्गात शिकवले होते आणि त्याने परीक्षेत ते बरोबर लिहिले होते.

वीबे इस्पितळात असतानाच येल्लेचे दफन झाले. दफनानंतर चर्चच्या तळघरात नेहमीप्रमाणे हॅमचे पाव आणि कॉफी होती. बायका एकामागून एक रूलीजवळ, माझ्या भावजयीजवळ, येत आणि तिचा हात दाबून सांगत की देवाच्या योजनेत चूक नसते, आपल्याला आज कळत नाही इतकेच.

"त्याला वर धारा काढायला माणूस कमी पडला होता का?" रूली माझ्या कानाशी म्हणाली. "मला सांगायचं होतं. मी दुसरा कुणी पाठवला असता."

"रूली, हळू."

"हळूच बोलतेय. मोठ्यानं बोलले तर कॉफी सांडेल सगळ्यांची."

दोन दिवसांनी कामगार सुरक्षा खात्याचा एक माणूस चौकशीला आला. वीबे अजून इस्पितळातच होता, म्हणून त्याने रूलीला विचारले, हौदात शेणाशिवाय आणखी काय जातं? तिने सांगितले, धुण्याचं पाणी, आणि रविवारचं दूध. तो लिहायचा थांबला. "दूध? दर आठवड्याला?" मग त्याने पुढचा प्रश्न विचारला. सभ्य माणूस असावा. पण रूलीने ते थांबणे पाहिले होते.

त्याच संध्याकाळी ती माझ्या घरी आली. अंगातला कोट न काढताच तिने विचारले, "ट्रुस, हौदात दूध गेलं की काय होतं?"

मी तिला बसायला सांगितले. ती बसली नाही.

"सांग ना. पोरांना शिकवतेस तसं सांग."

मी सांगितले. दूध शेणापेक्षा फार लवकर सडते. सडताना हौदातले सगळे आंबट होते, आणि आंबट झाले की त्यात विरघळून राहिलेला वायू सुटायला तयार होतो. वरून ते शांत दिसते. ढवळले की वायू एकदम बाहेर पडतो.

"म्हणजे दूध नसतं तर तो वाचला असता."

"तसं म्हणता येत नाही. दूध न घातलेल्या हौदांतही माणसं गेलीत. दुधानं ते वाढलं असणार."

"किती वाढलं?"

"ते आता कुणालाच सांगता येणार नाही."

ती हसली. "तूही चर्चच्या पंचांसारखीच बोलतेस गं. कारण आहे, पण किती ते विचारू नकोस." मग तिने कोटाची बटणे, जी लावलेलीच होती, पुन्हा चाचपली. "वीबेला यातलं काही सांगायचं नाही. तो त्या दुधावरच उभा आहे. काल इस्पितळात नळी नाकात असताना मला विचारत होता, रविवारी दूध सोडलं ना? मी विकलं तर नाही ना?"

मी न सांगण्याचे कबूल केले.

आमच्याकडे प्रभुभोजन दोन-तीन महिन्यांतून एकदा असते. पुढे लांब टेबल मांडतात, त्यावर पांढरे कापड. लोक आपापल्या बाकांवरून उठून टेबलाशी जाऊन बसतात, भाकर आणि प्याला हातोहात फिरतो. जो उठत नाही तो सगळ्यांना दिसतो. नोव्हेंबरात रूली उठली नाही. दुःख ताजे आहे म्हणून कुणी काही बोलले नाही. वीबे, नुकताच घरी आलेला, धापा टाकत एकटा पुढे गेला. जानेवारीतही ती उठली नाही. तेव्हा मात्र माना वळल्या.

घरी परतताना गाडीत मी तिला विचारले.

"त्या टेबलाशी बसायचं तर मनात कुणाविषयी राग नको, असं आपणच शिकलो ना?" ती म्हणाली. "माझा राग यजमानावरच आहे. मग जेवायला कशी बसू?"

पुढे बसलेल्या वीबेने मान वळवली नाही. "तो देतो ते घ्यायचं," एवढेच तो म्हणाला. तेवढ्या शब्दांनीही त्याला दम लागला.

वीबे खोटे बोलत नव्हता, हे मला इथे लिहायला हवे. मुलगा गेला, छाती अर्धी निकामी झाली, गोठ्याचे निम्मे काम एकोणीस वर्षांच्या सीत्स्कावर, त्यांच्या मुलीवर, पडले. पण तो सकाळी उठून प्रार्थना करी आणि ती मनापासून करी. का झाले, असे त्याने विचारले नाही. विचारायचे नसते, अशी त्याची धारणा होती, आणि ती त्याला धरून ठेवत होती. दर रविवारी तो स्वतः जाऊन झडप उघडी. दूध नळातून खाली जाताना तो टोपी काढून उभा राही.

फेब्रुवारीत पंच घरी आले. मार्चच्या भोजनाआधी ते प्रत्येक घरी जातातच. या घरी ते जरा जास्त वेळ बसणार हे उघड होते. होक्सेमा हे आमच्या भागाचे पंच, पशुखाद्याचे व्यापारी, बाबांचे मित्र. त्यांच्याबरोबर एक तरुण पंच होता, जो शेवटपर्यंत आपल्या बुटांकडे पाहत बसला. रूलीने मला बोलावून घेतले होते. "कुणीतरी माझ्या बाजूचं बसू दे," म्हणाली.

होक्सेमांनी कॉफी घेतली, केक घेतला, गाईंची चौकशी केली. मग त्यांनी बशी बाजूला सारली.

"रूली, तुझं दुःख आम्ही जाणतो. पण टेबलापासून लांब राहणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. देवानं जे केलं ते पित्यानं केलं, एवढं तुला म्हणता येत नाही का?"

"येतं. पण माझा बाप असं करत नसे."

"रूली!" वीबे म्हणाला.

"विचारलं म्हणून सांगितलं. ब्रदर होक्सेमा, मी टेबलाशी येईन. माझी एक अट आहे."

"देवाच्या टेबलाला अट?"

"देवाला नाही, वीबेला. रविवारचं दूध हौदात जायचं थांबव. मग मी येते."

मग होक्सेमांनी सावकाश मान हलवली, जशी गिऱ्हाइकाने भाव पाडून मागितल्यावर हलवत असतील. त्यांना काय वाटले ते त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट होते: इतकी वर्षे दूध वाया जाताना पाहून या बाईच्या मनात जे साचले होते, ते मुलाच्या दुःखाआडून बाहेर पडले.

"म्हणजे विकायचं," ते म्हणाले.

"विकायचं म्हणाले का मी? शेतात ओता. मांजरांना घाला. हौदात नको."

"हौदात नको, मग शेतात नको, मग टाकीत राहू दे, मग सोमवारी टँकर," होक्सेमा म्हणाले. "बाई, ही वाट कुठं जाते ते मी पाहिलंय. तुझ्या सासऱ्यानं ती कधी धरली नाही."

वीबे खुर्चीतून अर्धवट उठला होता. "पोरगा गेला," तो म्हणाला आणि श्वासासाठी थांबला. "पोरगा गेला, आणि तुला दुधाचे पैसे दिसतात?"

रूलीने माझ्याकडे पाहिले. मी एक शब्द बोलले असते तर पुरे होते. तो शब्द बोलायचा की नाही हे तिच्या हातात होते, आणि तिने डोळे खाली केले.

"हो," ती वीबेला म्हणाली. "पैसे दिसतात. अशीच आहे मी."

होक्सेमांनी प्रार्थना केली. तीत लोभाचा उल्लेख दोनदा आला. निघताना त्यांनी वीबेच्या खांद्यावर हात ठेवला आणि दारात मला हळूच सांगितले की मार्चमध्येही ती आली नाही, तर पंचांपुढे तिचे नाव घ्यावे लागेल. पुढे संपूर्ण मंडळीपुढे.

तिला मंडळीची भीती नव्हती. ती तशीच गप्प राहिली असती, वर्षानुवर्षे, लोभी बाई म्हणून. मला तसेच वाटत होते. पण त्याच आठवड्यात आम्ही स्वयंपाकघरात बटाटे सोलत असताना सीत्स्का गोठ्यातून आली, हात धुतले आणि उभ्या उभ्या पाव खात म्हणाली, "बाबा म्हणतायत, एप्रिलमध्ये हौद मी ढवळायचा. त्यांना आता जमणार नाही. शेजारच्यांचा पंप मिळतोय."

रूलीच्या हातातली सुरी थांबली.

"झाकण उघडायचं नाही," ती म्हणाली.

"झाकण उघडल्याशिवाय ढवळू कसा, आई? फुंकर मारून?"

"मी सांगते तेवढं ऐक."

"सगळे मला तेवढंच ऐक म्हणतात. कारण कुणी सांगत नाही. आत्या, तू तरी सांग, मी काय मूर्ख आहे का? तोंड बांधून, दारं उघडून, वारा बघून करीन. येल्ले घाईत होता. मी नसेन."

येल्ले घाईत नव्हता. तो काळजीपूर्वक काम करणारा मुलगा होता. मी रूलीकडे पाहिले. ती सीत्स्काच्या गळ्याशी, जिथे कोटाच्या कॉलरला शेण लागले होते, तिथे पाहत होती.

"वीबेला हाक मार," ती म्हणाली.

तो आला आणि टेबलाशी बसला. तिने सांगितले. तिने ते फार नीट सांगितले, मी तिला सांगितले होते त्याच क्रमाने, एकही गोष्ट न वाढवता. 'किती ते सांगता येत नाही' हेही सांगितले. तिचे झाल्यावर वीबे माझ्याकडे वळला.

"ट्रुस, खरं आहे हे?"

"हो."

"बाबांनी जन्मभर ओतलं. त्यांना काही झालं नाही."

"बाबा ओढ्यात ओतायचे. उघड्यावर."

तो विचार करत होता. गाईला नवे खाद्य सुरू करताना करतो तसा, एकेक पायरी तपासत. "झडप मी उघडायचो," तो म्हणाला.

"तुला बरं नसलं की मीही उघडायचे," रूली म्हणाली. "आणि येल्लेसुद्धा."

"तुला केव्हापासून माहीत आहे?"

"चौकशीचा माणूस आला तेव्हापासून."

"आणि पंचांसमोर तू…" तो थांबला. त्याला आठवले असावे, तो तिला काय म्हणाला होता. त्याने त्याबद्दल माफी मागितली नाही, आमच्या घरात कुणी मागत नाही. त्याने फक्त सोललेल्या बटाट्यांचे भांडे तिच्याकडे थोडे सरकवले. सीत्स्का दाराशी टेकून रडत होती, अगदी आवाज न करता.

"ते दूध देवाचं होतं," वीबे शेवटी म्हणाला. "मी विकलं नाही. प्यालो नाही. त्याला दिलं. नको होतं तर त्यानं…" इथे त्याचा श्वास संपला. आम्ही वाट पाहिली. पण श्वास परत आल्यावरही त्याने वाक्य पुरे केले नाही.

रविवारी तो बादल्या घेऊन गोठ्यामागच्या शेतात गेला. नळाची झडप त्याने तारेने बांधून टाकली होती. सीत्स्काने मदत करू का विचारले तर त्याने नको म्हणून सांगितले. दोन बादल्या न्यायच्या, बर्फावर ओतायच्या, खांबाला धरून दम खायचा, परत यायचे. टोपी डोक्यावरच होती. मी त्याला विचारले की आता तरी सोमवारी टँकरला का देत नाहीस, इतके हाल करून ओतायचे कशासाठी?

"आता विकलं तर पोराच्या जिवावर विकल्यासारखं होईल," तो म्हणाला.

मार्चच्या भोजनाला चर्च भरलेले होते. पाळकांनी टेबलाशी यायला बोलावले. आमच्या बाकावर सगळ्यात कडेला वीबे होता, मग रूली, सीत्स्का आणि मी. त्याने आधी उठायचे, मग आम्ही. नेहमीची रीत तशी होती. तो उठला नाही. त्याने गुडघे बाजूला वळवले, बाहेर जाणाऱ्याला वाट द्यावी तसे. मागे कुणाची तरी पेपरमिंटची गोळी दाताखाली फुटल्याचे ऐकू आले.

रूली उठली. त्याच्या गुडघ्यांवरून स्कर्ट सांभाळत ती बाहेर पडली आणि सरळ टेबलाशी जाऊन बसली. भाकर आली तेव्हा तिने घेतली. प्याला आला तेव्हा प्याली. तिच्या चेहऱ्यावर शांती वगैरे काही नव्हते. कर भरायला खिडकीपाशी उभ्या राहिलेल्या बाईसारखी ती दिसत होती.

उपासनेनंतर कोटांच्या खोलीत होक्सेमांनी मला गाठले. त्यांचे डोळे खरोखर ओले होते. "पाहिलंस, ट्रुस? आम्ही पंचांनी तिच्यासाठी दर मंगळवारी प्रार्थना केली. तो ऐकतो." मग त्यांनी आवाज उतरवला. "पण वीबेचं काय? तब्येत जास्त आहे का? की दुधावरून घरात काही झालं? त्याच्याकडे एकदा जायला हवं."

"जा," मी म्हटले. दुधाचे मी त्यांना सांगितले नाही. ते सांगायचे असेल तर वीबेने सांगायचे.

रूली आली. मी तिला कोट दिला आणि विचारले, राग गेला का?

"कुठला जातोय?" ती बाही शोधत म्हणाली. "पण वीबे आता टेबलाशी येणार नाही, दिसतंय ना. घरातल्या कुणीतरी देवाशी बोलणं चालू ठेवायला नको? दोघांनीही तोंड फिरवलं तर मग येल्लेबद्दल विचारायचं कुणी?"

"विचारलंस?"

"विचारलं. भाकर तोंडात होती तेव्हाच विचारलं."

संध्याकाळच्या धारांनंतर मी गोठ्याच्या दारात उभी होते. वीबे बादल्या घेऊन निघाला. या वेळी रूलीने त्याच्या हातातली एक बादली काढून घेतली, आणि त्याने ती घेऊ दिली. दोघे कुंपणापाशी गेले. आधीच्या दुधाचा तिथे पिवळट थर गोठला होता आणि त्यावर मांजरांची पावले होती. वीबेने त्याची बादली पालथी केली. रूलीने तिची. मग रिकामी बादली हातात धरून ती तिथेच उभी राहिली आणि खालच्या मानेने काहीतरी पुटपुटली.

"काय म्हणालीस?" वीबेने विचारले.

"तुला नाही म्हणाले," रूली म्हणाली.